मागे ट्रेलर आहे, विसरू नकोस

शुक्रवार, रात्री

आज दिवसभर माझ्या तीनचाकी मोटरसायकलमागे ट्रेलर होता आणि तो आहे हे दिवसभर मुद्दाम आठवावं लागलं. "मागे ट्रेलर आहे हे कळतच नाही," असं लोक कौतुकाने सांगतात. मला नेमकं तेच खटकतं.

दोन चाकांच्या मोटरसायकलला ट्रेलर जोडला की ती लगेच बोलायला लागते. वळणावर कलताना जाणवतं, हळू चालवताना जाणवतं, थांबून पाय टेकवताना तर फारच. तिच्या जोडणीत फिरता सांधा लागतो, नाहीतर गाडी कलली की ट्रेलरलाही कलंडायची घाई. तीनचाकीला यातलं काही नाही. ती कलत नाही, थांबल्यावर पाय मागत नाही, हँडलवर मागची कुरकुर पोचू देत नाही. म्हणजे गाडीकडून सूचना येणार नाही हे गृहीत धरूनच चालवायचं. हाताला जे कळत नाही ते काट्यावर मोजून आणि थांबेल तिथे खाली वाकून बघावं लागतं.

माझी स्पायडर आरटी: पुढे दोन चाकं, मागे एक. कॅन-ॲमने स्पायडर २००७ मध्ये आणली, लांब पल्ल्याची आरटी २०१० च्या मॉडेलपासून आली. तिच्या जोडीला कंपनीने स्वतःचा ट्रेलरही काढला, आरटी-६२२. हे ६२२ म्हणजे लिटर, आतल्या जागेचं माप. गंमत अशी की गाडीची ओढायची मर्यादा ४०० पाउंड, म्हणजे साधारण १८१ किलो, आणि त्यात खुद्द ट्रेलरचं वजनही आलं. तेवढ्या जागेत नुसतं पाणी भरलं तर ६२२ किलो होईल. तेव्हा डिकी भरली म्हणजे भार पूर्ण झाला, हा हिशेब इथे चालत नाही. उशा, झोपायच्या पिशव्या, जाकिटं खुशाल कोंबा. हत्यारांची पेटी आणि पाण्याचे कॅन आले की मात्र अर्ध्या डिकीतच थांबावं लागतं.

बायकोचं म्हणणं, "जागा आहे की अजून!" जागा आहेच. पण जागा आहे म्हणून गेलेली एकेक वस्तू शेवटी ब्रेकवर येते. आज मी दोन खुर्च्या परत घरात ठेवल्या, त्यावरून थोडी धुसफूस झाली. होऊ दे.

शनिवार, सकाळी

बॉलवरचं वजन मोजलं. बॉल म्हणजे गाडीमागचा गोळा, ज्यावर ट्रेलरचा दांडा बसतो. घरातला माणसं मोजायचा काटा, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रेलरचा दांडा. दांडा गाडीला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर धरायचा, आणि ट्रेलर सामानासकट मोजायचा. रिकामा मोजून काही कळत नाही. माझ्या गाडीला बॉलवर ४० पाउंड, म्हणजे १८ किलोच्या वर भार चालत नाही. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर यावा, असं ट्रेलरवाले सांगतात. १८१ चे दहा टक्के म्हणजे १८. म्हणजे ट्रेलर पूर्ण भरला तर या गाडीला दहा टक्क्यांच्या कडेवरच चालावं लागतं, इकडे सरकायला वाव नाही आणि तिकडेही नाही. ट्रेलर १४० किलोच्या आसपास ठेवला की जरा मोकळं होता येतं. मी तिथेच थांबतो.

बॉल मागच्या चाकाच्या बऱ्याच मागे असतो, त्यामुळे १८ किलो म्हणजे फक्त १८ किलो राहत नाहीत. समजा बॉल मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १७१ सेंटिमीटर. तरफेचा साधा हिशेब केला तर पुढच्या दोन चाकांवरून सहा किलो उचलले जातात आणि मागच्या एकट्या चाकावर २४ पडतात. सहा किलोने पुढचा भाग हवेत जात नाही, हे मान्य. पण मागे बसणारं माणूस, भरलेल्या बाजूच्या डिक्या आणि हे २४, असं सगळं एकाच टायरवर येतं. त्यामुळे ट्रेलर लावला की मागच्या टायरची हवा मी आधी बघतो आणि मागचं सस्पेन्शनही त्या भाराला बेतून घेतो.

उलट चूक जास्त वाईट. सामान मागे गेलं की दांडा वर उठू पाहतो. बैलगाडी उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून वर जातं, तसंच. बैलगाडी निदान हळू चालते. इथे ताशी ८०-९० ला ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो, आणि वेग वाढेल तसा झोका आपोआप विरण्याऐवजी वाढत जातो.

एक गोष्ट काटाही सांगत नाही. जड पेटी अगदी पुढे आणि दुसरी जड पेटी अगदी मागे ठेवली, तरी काट्यावर १५ किलो दाखवता येतात. दोन्ही पेट्या आसाजवळ, किंचित पुढे सरकवून ठेवल्या तरी तेच १५. आकडा एक, वागणूक निराळी. टोकांना वजन असलं की झोका एकदा सुरू झाल्यावर थांबवणं कठीण, कारण फिरणाऱ्या वस्तूचं वजन जितकं मध्यापासून लांब तितका तिचा हट्ट मोठा. म्हणून हत्यारं आणि पाणी आसाच्या वर, जरासं पुढे. कपडे टोकांना. आणि सगळं पट्ट्यांनी आवळून, कारण भरताना पुढे असलेली पेटी पहिल्या चढावर मागे घसरली तर सकाळचं मोजमाप वाया.

शनिवार, रात्री

सकाळी निघताना जोडणीला लागणारा वेळ आता मी मोजत नाही, लागेल तेवढा लागू देतो. कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची वाटी, बॉलवर बसला, खटका दाबला, पिन घातली, तरी माझा विश्वास नसतो. दांडा दोन्ही हातांनी धरून वर ओढतो. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर वर आली तर कपलर बसला. दांडा एकटाच वर आला तर खटका बॉलच्या वरच अडकलाय, बाहेरून कितीही बरोबर दिसो. मग साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन. कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी त्या फुलीवर पडतो. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या लांब आणि रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड.

दिव्यांचं वायरिंग थेट गाडीच्या वायरला जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. आजकालच्या गाड्यांचा कॉम्प्युटर दिव्याकडे जाणाऱ्या विजेवर लक्ष ठेवून असतो. जास्तीचा भार दिसला की चूक दाखवतो, नाहीतर इंडिकेटर वेड्यासारखा फडफडतो. त्यापेक्षा मध्ये रिलेचं, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचचं, मॉड्यूल घालावं: वीज फ्यूजमधून सरळ बॅटरीची घ्यायची, गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा.

आता ब्रेक, कारण खरी भानगड तिथेच आहे. या गाडीला हँडलवर ब्रेकचा लिव्हर नाही. पायाचं एक पेडल, आणि तिन्ही चाकांचे ब्रेक त्याच्यावर. सवय झाली की सुखाचं आहे. पण छोट्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. गाडी, चालक आणि डिक्या मिळून ५५० किलो धरले तर पूर्ण भरलेला ट्रेलर म्हणजे आणखी तिसरा हिस्सा, आणि तो थांबवायचा गाडीच्याच तीन टायरांनी. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. एकट्या गाडीला जोरात ब्रेक दाबून ४५ मीटर लागत असतील, तर तेवढ्याच जोरात ट्रेलरसकट साठाच्या आसपास जातील. पाय पेडलवर पोचेपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी २५ मीटर, दोन्हीकडे वेगळा. गाडीत ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आहे, स्थिरता सांभाळणारी यंत्रणा आहे. पण ती गाडीच्या चाकांना ब्रेक लावून गाडी सावरते. ज्या चाकांना ब्रेकच नाही त्यांना ती कशी पकडणार? म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात ब्रेक दाबला तर पुढची गाडी थांबू बघते, मागचा ट्रेलर सरळ जाऊ बघतो, आणि दोघांत कोन तयार होतो.

आणि झोका सुरू झालाच तर ब्रेक नाही. हँडलने त्याला उत्तर द्यायलाही जायचं नाही, आपण झोक्याच्या मागे पडतो आणि त्याला खतपाणीच घालतो. ॲक्सिलरेटर हळू सोडायचा आणि हँडल सरळ धरून बसायचं. तोंडाने सांगायला सोपं आहे.

रविवार

रस्त्यावर खड्डा दिसला की मी आता मोजायला लागतो. पुढची दोन, मधलं एक, मागची दोन. चाकं पाच, पण वाटा तीन, त्याही ट्रेलरची चाकं पुढच्या चाकांच्याच रेषेत असतील तर. कारवाला खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेतो. माझ्या मध्ये तर मागचं चाक बसलंय. दुचाकीवाला बाजूने काढतो, ते मला रुंदीमुळे जमत नाही. सिग्नलजवळ लेनच्या मधोमध इतर गाड्यांचं तेल सांडलेलं असतं, नेमकं त्याच पट्ट्यावरून माझं ओढणारं चाक जातं. ट्रेलरचं ओझं घेऊन पावसात तिथून निघताना मी ॲक्सिलरेटर अगदी हळू उघडतो.

वळणावर ट्रेलर आतून कापत जातो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि पेट्रोल पंपावर सगळेच विसरतात.

दुपारी थांबलो तेव्हा ट्रेलरच्या चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग असलेले मधले भाग, हाताने चाचपले. हा माझा नेहमीचा उद्योग, लोक बघतात. ट्रेलरची चाकं लहान, आठ इंची रिमची. टायर धरून व्यास साधारण ४१ सेंटिमीटर. ताशी ९० ला ती मिनिटाला साडेअकराशेच्या पुढे फिरतात, तेव्हा गाडीची पुढची चाकं साडेआठशेच्या आसपास असतात. सगळी धावपळ त्या एवढ्याशा बेअरिंगची, आणि ग्रीस संपलं तरी पुढे बसलेल्याला आवाज जात नाही. तळहात ठेवून बघायचं: कोमट ठीक. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथेच चाक वर घेऊन हलवून बघायचं. हात ठेववतच नसेल तर पुढे जायचं नाही. आज दोन्ही सारखे कोमट होते. डावीकडच्या धुळीच्या टोपणावर मात्र ग्रीसचा बारीक ओघळ दिसला. पुसून ठेवला, संध्याकाळी पुन्हा बघितलं, नवा आला नव्हता. बहुतेक आधीचं जास्तीचं ग्रीस असावं, तरी लक्ष ठेवायचं.

रिव्हर्स गिअर आहे म्हणून मागे घेणं सोपं, असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातात हँडल द्यावं. आखूड दांड्याचा ट्रेलर बघता बघता दुमडतो, आणि बसल्या जागेवरून तो दिसतो तोवर उशीर झालेला असतो. माझी सरळ पद्धत: दोनदा प्रयत्न, नाही जमलं तर खाली उतरून ट्रेलर सोडायचा, हाताने ढकलून जागेवर न्यायचा आणि पुन्हा जोडायचा. यात कमीपणा वाटून घेणाऱ्यांचे दांडे गाडीच्या मागच्या पॅनेलला लागलेले पाहिलेत.

सुट्या चाकाचं अजून ठरत नाहीये. या मापाचं टायर वाटेत मिळेलच असं नाही, तेव्हा बरोबर हवं. आत ठेवलं तर सामानाच्या बुडाशी जाणार आणि लागेल तेव्हा सगळं रस्त्यावर मांडावं लागणार. दांड्यावर बसवलं तर हाताशी राहील, पण मग त्याचं बरंचसं वजन बॉलवर. मग पेट्या चार बोटं मागे घेऊन पुन्हा मोजायचं. उद्या आधी दांड्यावर बांधून बघतो.