शाळेतून पाणी तपासायला नेताना: बाटली, वार आणि फॉर्म (माझा अनुभव)

दूषित पाणी आणि आजार हा धडा आठवीला शिकवायचा, तर गावचंच पाणी तपासायचं असं ठरवलं. परवानग्या, ग्रामपंचायतीचं पत्र, मुलांचे गट, सगळं दोन दिवसांत झालं. अडलं ते प्रयोगशाळेच्या खिडकीवर.

पहिल्यांदा नमुने परत आले ते बाटल्यांमुळे. मुलांनी मिनरल वॉटरच्या बाटल्या धुऊन आणल्या होत्या. रासायनिक तपासणीला त्या चालतात, फक्त त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या. फ्लोराइडला तर प्लास्टिकच हवं, काच नको. पण जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली लागते आणि नळाचं पाणी असेल तर तिच्यात थोडं सोडियम थायोसल्फेट असावं लागतं. ते पाण्यातलं क्लोरीन संपवतं. नाहीतर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतं आणि अहवाल उगाच चांगला येतो. ही बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या आणि आतून अजिबात विसळू नका. मी आधी फोन केला होता, तेव्हा यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा बाटल्या बरोबर, वार चुकला. शुक्रवारी दुपारी पोचलो. जिवाणूंची तपासणी लावली की 24 ते 48 तासांनी वाचावी लागते, मध्ये सुट्टी, म्हणून नमुना घेतला नाही. कारण रास्त आहे. पण मग तसा कागद खिडकीवर चिकटवायला काय हरकत होती? मुलांनी भल्या सकाळी भरलेल्या, बर्फाच्या डब्यातून आणलेल्या बाटल्या ओतून द्याव्या लागल्या, कारण 24 तास उलटलेला नमुना कामाचा नसतो. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळीच जा.

तिसऱ्यांदा फॉर्म. ‘शाळेची टाकी’ लिहून भागलं नाही. टाकी ज्या विहिरीवरून भरते तिचा क्रमांक हवा होता. तो गावच्या जलसुरक्षकाकडे, म्हणजे ग्रामपंचायतीचं पाण्याचं काम पाहणाऱ्या माणसाकडे मिळाला.

नमुना भरण्याचं राहिलंच. तोटीची जाळी काढा, दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, तोटी धातूची असेल तर ज्योतीने शेका. बाटलीत वर बोटभर जागा ठेवा, प्रयोगशाळेत ती हलवावी लागते.

वर्गात एच-टू-एस बाटल्या (पाण्यात मैल्याचे जिवाणू आहेत का ते दाखवणाऱ्या, आत औषध असलेल्या तयार बाटल्या) जरूर लावा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, ऊबदार जागी ठेवायचं. दूषित असेल तर पाणी काळं पडतं. थंडीत वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी काळी झाली नाही म्हणून पाणी चांगलं ठरवू नका, 48 तास थांबा. आमच्या उकिरड्याजवळच्या विहिरीची बाटली दुसऱ्या सकाळी डांबरासारखी झाली होती. मुलं गप्पच झाली. काळी बाटली मुलांच्या हातात देऊ नका, ब्लीचिंगचं पाणी घालूनच टाका. ओटी टेस्टचे (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहण्याच्या चाचणीचे) थेंबही शिक्षकांनीच हातमोजे घालून टाकावेत, ते रसायन घातक आहे. पिवळा रंग आला नाही, तर पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलेली नाही किंवा कमी पडली आहे.

‘उकळलं तर?’ हे मुलं विचारतातच. जिवाणू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटून वाढतात. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, सगळ्यात जास्त धोका बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. फ्लोराइड 1 पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे शिकवत असाल, तर वर्गात फ्लोराइडमुळे डागाळलेल्या दातांची मुलं असतील. दात दाखवायला कुणालाही उभं करू नका, फळ्यावर चित्र काढा.