मशीन मागितली तर द्यायची का?

शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीवर ही वेळ कधी ना कधी येतेच. कोणीतरी सहज म्हणतं, "अगं दोन दिवस तुझी मशीन देतेस का, पडद्यांना टिपाच मारायच्यात फक्त" आणि आपल्या पोटात गोळा येतो. नाही म्हणावं तर माणूस दुखावतं, हो म्हणावं तर मशीन घरी येईपर्यंत जीव टांगणीला. मी यावर माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. माझी रोजची मशीन, कापडाची कात्री आणि रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याने कापड कापायचं हत्यार) घराबाहेर जात नाहीत, अगदी जवळच्या माणसासाठीही नाही, पण माझ्याकडे येऊन त्यावर शिवायला कोणालाही मुभा आहे. आणि घेऊनच जायची असेल तर त्यासाठी एक वेगळी साधी मशीन ठेवलीये. काहींना हा चिकटपणा वाटतो, मला नाही वाटत, का ते सांगते.

आधी कात्रीचं बघा, कारण सगळ्यात जास्त मागणी तिलाच असते आणि मागणाऱ्याला वाटतं कात्री ती कात्री, त्यात काय एवढं. कापडाच्या कात्रीने कागद कापला की धार जाते हे आपण सगळ्याच ओरडून सांगत असतो, पण त्यामागे कारण आहे, बऱ्याच कागदांत लगद्याबरोबर चिकणमाती नाहीतर चुनखडीची बारीक पूड घातलेली असते आणि ती पात्याची धार घासत राहते. कापताना टाचणीवर पातं आलं तर तिथे बारीकसा खाचा पडतो आणि मग दर वेळी कापड त्याच जागी अडकतं. कात्री नुसती हातातून जमिनीवर पडली तरी टोकं एकमेकांवर बसेनाशी होतात, मागून छान कापते आणि टोकाशी कापड चावते, म्हणजे नेमकं जिथे कोपऱ्यात कट मारायचा असतो तिथेच घात. परत करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, ती अगदी मनापासून "जशीच्या तशी आहे हं" म्हणून देऊन जाते. म्हणून मी एक दुसरी कात्री सगळ्यांसाठी बाहेर टांगून ठेवलीये, कागद कापा, पुठ्ठा कापा, पिशव्या कापा, काही म्हणणं नाही.

रोटरी कटर न देण्याचं कारण वेगळं, तिथे मला वस्तूची नाही, माणसाची काळजी वाटते. ४५ मिमीचं ते गोल पातं कापडाचे कितीतरी थर एका फटक्यात कापतं, बोट तर काय. दर कटनंतर पातं बंद करायचं, पट्टी धरलेल्या हाताची बोटं काठाबाहेर येऊ द्यायची नाहीत, ही सवय शेजारी बसून लावावी लागते, कटर हातात देऊन "जपून हं" म्हटलं की काम झालं असं होत नाही. घरात लहान मुलं असतील तर बोलायलाच नको. त्याच्यासोबतची कटिंग मॅट, म्हणजे कापताना खाली ठेवायची चटई, मात्र मी देते, फक्त एक गोष्ट बजावून, की तिला उष्णता चालत नाही. गरम इस्त्री टेकली किंवा उन्हात तापलेल्या गाडीत राहिली की ती वाकते आणि मग कितीही वजन ठेवा, पहिल्यासारखी सपाट होत नाही.

आता मशीन. गोधड्या, क्विल्ट करणाऱ्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. आपली शिवण पाव इंचाची असते आणि ती पाव इंचच असावी लागते. दोन्ही तुकड्यांकडून १/१६ इंच जास्त गेला तर एका शिवणीमागे १/८ इंच जातो आणि आठ शिवणींत सरळ १ इंच, मग ओळी एकमेकींना जुळणार कशा. त्यासाठी मी सुईची जागा, गाइड, बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची रिळी बसते त्या डबीचा) तो एवढासा स्क्रू, सगळं माझ्या दोऱ्याप्रमाणे लावून ठेवलेलं असतं. कोणी पडद्यासाठी टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, फिरवून बदललं तर त्यात तिची काही चूक नाही, तिला तसंच पाहिजे होतं, पण माझी अर्धी झालेली गोधडी मशीनवर असते आणि पुढच्या ओळीतला टाका मागच्यापेक्षा वेगळा दिसायला लागतो.

आणि एक गोष्ट तर फारच जणींना माहीत नसते. सरळ टाका छान यावा म्हणून आम्ही सुईखाली एकच बारीक भोक असलेली प्लेट बसवतो. ती प्लेट असताना कोणी झिगझॅग लावला की सुई बाजूला सरकून थेट लोखंडावर आदळते. सुई मोडते, मोडलेलं टोक खाली हुकाजवळ (सुईचा दोरा पकडून टाका घालणाऱ्या भागाजवळ) जाऊन पडतं, आणि तसंच पुढे चालवलं तर हुकावर ओरखडा नाहीतर टायमिंगच, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळच, बिघडतं. जीन्सच्या जाड दुमडीवर बारीक सुईने जोर लावला तरी सुई वाकून हेच होऊ शकतं. हे सगळं न सांगता मशीन द्यायची आणि बिघडली की मनात धरायचं हे मला पटत नाही, माहिती आपल्या डोक्यात राहिली आणि मशीन तेवढी गेली, मग समोरच्या बाईने करायचं काय?

म्हणून हल्ली कोणी मशीन मागितली की मी पहिला प्रश्न विचारते, तुझ्या घरी मशीन आहे का आणि तिला काय झालंय. बऱ्याचदा घरी मशीन असते, "खराब झालीये" म्हणून झाकून ठेवलेली. आमच्या शेजारच्या ताईंचं असंच होतं, त्या माझ्याकडे उशीचे अभ्रे शिवायला आल्या आणि म्हणाल्या माझी मशीन खालून दोऱ्याचं नुसतं जाळं करते, बॉबिन गेलंय बहुतेक. मी म्हटलं ताई, इथे दोरा ओवून दाखवा बरं. त्यांनी आधी फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली केला आणि मग दोरा ओवायला घेतला. मी थांबवलं नाही, तसंच शिवू दिलं, आणि माझ्या मशीनवरही खाली तेच जाळं! मग फूट वर करून पुन्हा ओवायला लावलं, कारण फूट वर असतो तेव्हाच टेन्शनच्या चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो, फूट खाली असला की दोरा वरूनच जातो, त्याला ताण मिळत नाही आणि सैल दोरा खाली गोळा होतो. दिसतं खाली म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात, दुखणं वरच्या दोऱ्याचं असतं. ताईंनी त्याच दुपारी घरी जाऊन स्वतःची मशीन उघडली आणि राहिलेले अभ्रे तिच्यावर शिवले. मी मशीन देऊन मोकळी झाले असते तर त्यांची मशीन अजून झाकलेलीच असती, याचं मला खरंच फार वाटतं.

घरी बोलावण्यात आपला वेळ जातो हे मान्य आहे, ऑर्डरचं काम अंगावर असेल तर मी स्पष्ट सांगते की या आठवड्यात नाही जमणार. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

पण काही वेळा मशीन द्यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. कोणाची मशीन दुरुस्तीला गेलीये आणि शिवणावर घर चालतंय, किंवा एखादी मुलगी नुकतीच शिकतेय आणि विकत घेण्याआधी तिला बघायचंय आपल्याला जमतं का, आवडतं का. आपल्यापैकी कितीतरी जणी कोणाच्या तरी मशीनवरच शिकल्यात ना. अशांसाठी ती वेगळी मशीन, सरळ टाका आणि झिगझॅग, बाकी काही नाही, बटणं-स्क्रीन काही नाही. सोबत एक छोटी थैली जाते, त्यात ८०/१२, ९०/१४ आणि जाड कापडासाठी १००/१६ नंबरच्या सुया, त्याच मशीनची बॉबिन्स, कारण दिसायला सारखी पण जराशी कमीजास्त उंचीची बॉबिन लोक बिनधास्त घालतात आणि मग ती अडकते, एक ब्रश, आणि दोरा कुठून कुठे जातो त्याचे फोटो. नेण्याआधी माझ्यासमोर तिने स्वतः दोरा ओवायचा, बॉबिन भरायची आणि एका चिंधीवर टीप मारून दाखवायची. चाक हाताने फिरवायचं ते स्वतःच्या दिशेनेच. दोरा बदलताना वर रिळाशी कापायचा आणि सुईकडून ओढून काढायचा, उलटा वर ओढला की धाग्याचा कचरा टेन्शनमध्ये जाऊन बसतो. डोक्याचं नाहीतर स्वयंपाकाचं तेल घालायचं नाही, ते आत चिकट होऊन मशीन जड होते. नेताना सुई आणि फूट दोन्ही खाली.

आणि पैशाचं आधीच बोलून घ्यायचं, इथे भिडेपोटी गप्प बसू नका. मी सांगते, सुई मोडली तर चालेल, पण तुकडे सगळे शोधून काढ, सापडला नाही तर न चालवता मला फोन कर. मोठं काही बिघडलं तर दुरुस्ती निम्मी निम्मी. परत कधी आणायची तो वार ठरवायचा, "झालं की देते" याला काही अर्थ नसतो.

पॅटर्न आणि टेम्प्लेट्स, म्हणजे कापायचे साचे, मात्र मूळ कधीच देऊ नका, ट्रेस करून न्यायला सांगा, ती परत येताना एक बाही हमखास कमी असते.

मशीन परत आली की तशीच कपाटात ठेवायची नाही. ती माणसं समोर असतानाच चहा-पाणी बाजूला ठेवून वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घालून चिंधीवर टीप मारून बघायची, वरचा दोरा खाली दिसतोय का, खालचा वर येतोय का ते लगेच कळतं. काही वेगळं वाटलं तर तिथेच सांगायचं, गोड शब्दांत पण तिथेच, महिन्याने सांगितलं तर कोणाच्या हातून झालं ते दोघींनाही नक्की सांगता येत नाही.