बेळगावात दुपारी भाकरी, संध्याकाळी आगळ

बेळगावला खायला-प्यायला जाणार असाल तर आधी जेवणाची वेळ ठरवा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. पुण्या-कोल्हापूरकडची बरीच मंडळी गोव्याला जाताना इथं कुंदा या दुधाच्या मिठाईपुरती थांबतात आणि लगेच चोरला घाटाच्या रस्त्याला लागतात. या गावाला एक पूर्ण दुपार आणि एक पूर्ण संध्याकाळ दिलीच पाहिजे.

कोल्हापूरहून हायवेनं साधारण ११० किलोमीटर. वाटेत संकेश्वरला थांबून लाल मिरची घेतली. लांब, बारीक, रंगाला झकास आणि तिखटाला कडक. पुण्याहून येणाऱ्यांना २०२४ पासून हुबळीची वंदे भारत आहे, मात्र ती रोज नसते. वार बघून तिकीट काढा.

मामेभाऊ अनगोळात राहतो. त्यानं थेट बाजारपेठेतल्या एका लिंगायत खानावळीत नेलं. अशा खानावळी गल्लीबोळांत आणि बसस्टँडच्या आसपास सापडतात. पाटी बहुधा कन्नडमध्ये असते, ती वाचता येत नसेल तर कुणालाही मराठीत विचारा, हातानं वाट दाखवतील. साडेबाराच्या सुमारास बसलात तर सगळं ताजं मिळतं. तीननंतर गेलात तर भाकरी गार आणि भाजी तळाची.

ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली. पापुद्रा इतका पातळ की बोट लावलं की वाफ बाहेर. सोबत एण्णेगाई, म्हणजे दाण्याचं कूट आणि मसाला भरलेली छोटी वांगी. तेलात पार मुरलेली, पण देठाला धरून अख्खी उचलता येतील अशी. मुगाची उसळ. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि कारळ्याची काळपट चटणी, दोन्हींवर कच्चं तेल किंवा दही घालून घ्यायचं. ताटाच्या कडेला कच्ची मेथी, कांदा, काकडी. ही मेथी पुष्कळ लोक शोभेची समजून बाजूला सारतात. तसं करू नका. चटणी-भाकरीच्या घासाबरोबर दोन कडू पानं तोंडात गेली की जेवणाची चव बदलते. वाढणारे काका हात आडवा घातला तरी ऐकत नव्हते, "घ्या की वो, गरम हाय," म्हणत भाकरी टाकून पुढं. भात शेवटी, थोडाच घ्या. बिल दोघांचं मिळून एका कॉफी शॉपमधल्या दोन कपांएवढंही झालं नाही.

मांसाहारी असाल तर सावजी खानावळीत जा, तिथला मटणाचा रस्सा घाम काढतो. मासेही उत्तम मिळतात, कारण गोवा आणि कारवार फारसे लांब नाहीत. नियाज हॉटेलची बिर्याणी गावाबाहेरच्यांनाही माहीत आहे, तिच्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? पण एकच दुपार हातात असेल तर माझं मत भाकरीला. बिर्याणी दुसऱ्या गावीही चांगली मिळेल.

जेवण जिरवायला किल्ल्यात जा. आत १२०४ सालची कमल बस्ती आहे, रट्ट राजवटीतलं जैन मंदिर. आतल्या छताला दगडात कोरलेलं कमळ टांगल्यासारखं खाली उतरलेलं आहे. खाली उभं राहून निवांत बघा.

आता संध्याकाळ. बेळगावात इथल्या मातीतल्या, स्थानिक चवीची कॉकटेल मेनूवर छापलेली मिळतील अशा अपेक्षेनं जाऊ नका, बारटेंडरशी बोलावं लागतं. बऱ्यापैकी हॉटेलातला बार निवडा, आठच्या आत जा आणि गर्दी नसताना काउंटरवर बसा. आम्ही बसलो तिथल्या पोराला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सफाईनं येत होत्या आणि नवीन काही करायचं म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले.

पहिलं झालं कोकमाचं. त्यानं आधी साखरेच्या पाकातलं सरबत काढलं. मी आगळ आहे का विचारलं, तर किचनमधून सोलकढीसाठी ठेवलेली बाटली आली. इथं फरक पडतो. सरबतात साखर वरचढ असते, आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रसच, दाट आणि आंबट. जिनमध्ये एक चमचा आगळ, भाजलेलं जिरं, बर्फ, वरून सोडा. ग्लासाच्या काठाला मीठ लावू देऊ नका, आगळात ते पुरेसं असतं. जांभळट लाल रंग बर्फाभोवती हळूहळू उतरतो. दुपारच्या तेलकट वांग्यानंतर याच्यासारखं दुसरं काही नाही.

मग संकेश्वरी मिरची. दोन मिरच्या बिया काढून व्होडकात टाकल्या आणि अर्ध्या तासात बाहेर काढल्या. मिरचीचा तिखटपणा दारूत भराभर उतरतो, रात्रभर ठेवली तर पिववणार नाही. त्यात पेरूचा रस आणि लिंबू. घरी करून बघण्यासारखं आहे.

हा सगळा उसाचा जिल्हा, म्हणून रम आणि उसाचा रस मागितला. रस समोरच्या रसवंतीतून ताजा आणवला. आलं-लिंबू घालूनच पिळून घ्या, नाहीतर हवेनं तो बघता बघता काळपट पडतो आणि चव उतरते. लिंबानं ते लांबतं.

कुंदा मात्र ग्लासात घालायला सांगू नका. आटवून तपकिरी झालेला दुधाचा गोडवा बर्फात मरतो, वर लिंबू पडलं तर दूध फाटतं. त्यापेक्षा कॅम्प भागातून पुरोहितांचा कुंदा आधीच घेऊन ठेवा आणि बंगळूरच्या अमृतची सिंगल माल्ट बर्फाशिवाय मागवा. एक बारीक तुकडा, एक छोटा घोट. जळक्या साखरेची चव दोन्हीकडून येऊन मध्ये भेटते. अख्ख्या संध्याकाळीत मला हे सर्वांत आवडलं.

फेणीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली फेणी गोव्याची, ती तिथंच प्यावी. उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची हलकी दारू, तर उन्हाळ्यातच. परमिटशिवाय गोव्याची बाटली कर्नाटकात आणता येत नाही, घाटातून येणाऱ्या गाड्या चेकपोस्टवर तपासतात. एका बाटलीसाठी प्रवासाचा विचका करू नका. प्यायल्यावर गाडी अजिबात चालवायची नाही, रिक्षा रात्री उशिरापर्यंत मिळते. चोरला घाट दुसऱ्या दिवशी उजेडात करा, पावसाळ्यात तर हमखास, धुक्यात पुढचं वळण दिसत नाही.

२ ऑक्टोबरला ड्राय डे असतो. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि मराठी भाषिकांचा काळा दिवस एकाच दिवशी असल्यानं बंदोबस्त कडक आणि बरेच रस्ते अडवलेले असतात, त्या दिवशी खाण्यासाठी येऊ नका. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की आमदार-अधिकाऱ्यांनी हॉटेलं भरलेली असतात. खोली महिनाभर आधी धरा, किंवा सरळ जानेवारीत या.