तुम्ही विचारलंत म्हणून: बायोमेडिकलच्या यादीत खात्रीचं कॉलेज कुठलं?

बारावीचा निकाल लागला की खानापूर, निपाणी, येळ्ळूर, शहापूर अशा सगळीकडून फोन सुरू होतात. दवाखान्यातली यंत्रं सांभाळणं हे माझं काम आणि अशा यंत्रांचं इंजिनिअरिंग म्हणजे बायोमेडिकल, त्यामुळे प्रश्नही ठरलेला असतो: "मॅडम, मुलीला बायोमेडिकल करायचंय. प्रवेशाच्या पसंतीच्या यादीत कुठली कॉलेजं घालू? आणि हमखास मिळेल असं एक सांगा."

यातल्या 'हमखास' शब्दापाशी मी थांबते. माझ्या मते, बायोमेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलीची खात्रीची जागा बहुतेक वेळा बायोमेडिकलची नसतेच. ती असते चांगल्या कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनिक्सची. हे ऐकून पालक नाराज होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही शाखाच मुळात लहान. मोजकी कॉलेजं आणि तिथे मोजक्या जागा. कॉम्प्युटरचा कटऑफ वर्षानुवर्षं एका पट्ट्यात राहतो, पण जिथे जागाच थोड्या तिथे आठ-दहा मुलांचं मन इकडचं तिकडे झालं की शेवटचा रँक कुठल्या कुठे जातो. म्हणून एका वर्षाचा आकडा पाहून 'हे सेफ आहे' म्हणू नका. शेवटच्या फेरीचे तीन वर्षांचे रँक काढा. तिन्ही वर्षी मुलगी आरामात आत बसत असेल तर ते खात्रीचं, कधी आत कधी बाहेर होत असेल तर ते जोडीचं, म्हणजे तिच्या रँकशी जेमतेम जुळणारं. यादीत जास्त भरणा जोडीच्या कॉलेजांचा हवा.

शोधतानाही एक लक्षात ठेवा. बंगळूरमध्ये बी.एम.एस., रामय्या, दयानंद सागर या कॉलेजांत ही शाखा 'मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स' या नावाने आहे. नुसतं 'बायोमेडिकल' टाकून शोधलंत तर ती सापडणार नाहीत. आपल्या बेळगावात केएलईच्या शेषगिरी कॉलेजने ही शाखा बरीच वर्षं शिकवली. पण कुठल्याही कॉलेजचं नाव यादीत घालण्याआधी या वर्षीच्या सीट मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुठल्या कॉलेजात कुठल्या शाखेच्या किती जागा याच्या तक्त्यात, शाखा आहे का ते पाहा. मुलं कमी आली की लहान शाखा आधी बंद होतात. मणिपालची परीक्षा वेगळी आणि फीही वेगळ्याच पातळीवरची. राउरकेला आणि रायपूरच्या एनआयटींत बायोमेडिकलचं बी.टेक. आहे, पण ते जेईईवर मिळतं आणि तिथल्या निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांच्या. आपल्या सुरतकलच्या एनआयटीत ही शाखा नाही.

आता इलेक्ट्रॉनिक्सबद्दल. हृदयातून ईसीजीसाठी येणारा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. त्यात भिंतीतल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट मिसळतो. तो गाळायचा, सिग्नल कित्येक पटींनी वाढवायचा आणि हे करताना रुग्णाला कणभरही धक्का बसू द्यायचा नाही. हे शंभर टक्के इलेक्ट्रॉनिक्स आहे. डायलिसिसचं मशीन उघडलं तर आत पंप, तापमान आणि द्रावणाची वाहकता मोजणारे सेन्सर, रक्तात हवेचा बुडबुडा आला तर यंत्र थांबवणारा डिटेक्टर. माझा सगळा दिवस यातच जातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला शरीरशास्त्र येत नसतं, हे खरं. पण ते नंतर शिकता येतं. कच्चं राहिलेलं सर्किट नंतर पक्कं करणं फार जड जातं, हे मी दवाखान्यात शिकायला येणाऱ्या मुलांकडे पाहून सांगते.

पुढची दारंही उघडी राहतात. आयआयटी मुंबईच्या बायोमेडिकल एम.टेक.ला वेगवेगळ्या शाखांचे इंजिनिअर जातात, डॉक्टरही जातात. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं, म्हणजे दवाखान्यातल्या यंत्रांच्या इंजिनिअरिंगचं, एम.टेक. चालवतात. याच श्री चित्रा संस्थेने बनवलेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. झडपेला कुठला धातू, कुठलं प्लास्टिक, ती किती कोटी वेळा उघडझाप झेलेल, हे सगळे प्रश्न मेकॅनिकल आणि मटेरियलवाल्यांचे. एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे.

सीमाभागातल्या आपल्या मुलांची आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याला दोन दारं आहेत. एक कर्नाटकच्या सीईटीचं. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर ग्रामीण कोटा विसरू नका. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी मुलांच्या अर्जात ती खूण राहूनच जाते. दुसरं दार महाराष्ट्राच्या सीईटीचं. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्या भागात शिकलेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'टाइप ई' हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी सीमाभागाचा दाखला आणि मातृभाषेचा शाळेचा दाखला लागतो, तोही त्यांनी दिलेल्या नमुन्यातच. ही कागदं निकालानंतर गोळा करायची नसतात, परीक्षेच्या फॉर्मबरोबरच तयार ठेवायची असतात. एवढा हक्क असताना तो शिक्क्यापायी हातचा जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

खात्रीचं म्हणून जे कॉलेज लिहाल त्याची चार वर्षांची फी, हॉस्टेल, जेवण एका कागदावर मांडा. घराला न झेपणारं कॉलेज रँकने कितीही सोपं असलं तरी खात्रीचं नाही. शिवाय तिथे विचारा: जवळच्या मोठ्या दवाखान्याशी करार आहे का? मुलं तिथे खरंच जातात का? लॅबमधली मशीनं चालू आहेत का? इलेक्ट्रॉनिक्सला घालणार असाल तर पहिले दोन प्रश्न जास्तच नेटाने विचारा.

शेवटी क्रम. कर्नाटकात एखादा पर्याय मिळाला की त्याच्या खालचे सगळे जातात, वरचे तेवढे पुढच्या फेरीसाठी ठेवता येतात. महाराष्ट्रात पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ती जागा आपोआप पक्की होते. म्हणून 'हे मिळण्यासारखं आहे' म्हणून एखादं कॉलेज वर ओढू नका. मुलीला मनापासून हवं ते सगळ्यात वर, जोडीची मध्ये आणि खात्रीचं इलेक्ट्रॉनिक्स तळाला. हा क्रम तिने स्वतःच्या हाताने लिहावा आणि तुम्ही शेजारी बसावं. लॉक करायच्या आधी वाटलं तर तिला माझ्याकडे पाठवा, एक दिवस आमच्या वर्कशॉपमध्ये बसू दे.