अबार्थ अपडेट: टायर परत पाठवले, पण आतली झीज कुठून येते ते सापडलं

मंडळी, माझ्या अबार्थ पुंटोसाठी (फियाटची टर्बो हॅचबॅक) मागवलेले नवे टायर आले आणि परत गेले. चारही २०५/५० आर१६ (२०५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम १६ इंची), कंपनीच्या मापाऐवजी जरा रुंद घ्यायचे असं मागच्या अपडेटमध्ये ठरवलेलेच. टेम्पोतून उतरवल्या उतरवल्या मी डॉट कोड वाचले, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, तो कुठल्या आठवड्यात आणि वर्षात बनला ते सांगणारे आकडे. दोघांवर ०६२५, उरलेल्या दोघांवर ४१२२. म्हणजे एक जोडी २०२५च्या सहाव्या आठवड्यातली आणि दुसरी २०२२च्या एक्केचाळिसाव्या. भाव मात्र चौघांचा सारखाच. दुकानदार म्हणाला, "साहेब, गोडाउनमध्ये सावलीत होते, काही होत नाही." सावलीत ठेवलेला टायर अडीच-तीन वर्षांत मरत नाही, हे मलाही मान्य आहे. पण माझं रनिंग कमी. माझे टायर किलोमीटरने संपत नाहीत, वर्षांनी संपतात. रबर कडक होतं आणि सगळ्यात आधी ओल्या रस्त्यावरची पकड जाते. त्या आयुष्यातली तीन वर्षं दुकानाच्या माळ्यावर घालवलेला टायर पूर्ण भावाने का घ्यायचा? घेतला नाही.

असं का होतं तेही सांगतो. २०५/५० आर१६ हे माप आपल्याकडच्या जास्त खपाच्या कुठल्याही गाडीला कंपनीतून येत नाही. जून २०२०मध्ये डीजीएफटीने (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) टायरची आयात 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाकली, तेव्हापासून परवान्याशिवाय माल येत नाही. त्यामुळे आडमापाचे टायर मोजकेच येतात आणि पडून राहतात. ज्यांच्या डोक्यात आडमाप आहे त्यांनी ऑर्डर देतानाच "कोडचा फोटो पाठवा, मग अॅडव्हान्स" असं ठणकावून सांगा.

आता मूळ विषय, पुढच्या टायरची आतली झीज. टायर परत गेले, पण गाडी लिफ्टवर चढलेलीच होती, म्हणून जुने टायर निवांत पाहता आले. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची बाजू व्यवस्थित, गेज लावला तर ४ मिमीच्या वर. आतली कड मात्र २ मिमीच्याही खाली. कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी ओल्यात मी ३ मिमीनंतर कुठल्याच टायरवर विश्वास ठेवत नाही. मग आतल्या ब्लॉकवरून तळहात फिरवला. आतून बाहेर नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला तर प्रत्येक ब्लॉकची धार करवतीच्या दातांसारखी हाताला लागत होती. हे फेदरिंग म्हणजे टो-आउटची, म्हणजे पुढची दोन्ही चाकं समोरच्या बाजूला किंचित बाहेर वळलेली असण्याची, सही. नुसत्या कॅम्बरने (चाक वरून आत कललेलं असण्याने) आतली कड झिजते, पण अशी धार येत नाही.

डोकं खाणारी गोष्ट ही की गाडीचं अलाइनमेंट वेळच्या वेळी होत आलंय आणि प्रिंटआउटवर सगळं हिरवं आहे. मशीन म्हणतं टो बरोबर, टायर म्हणतो टो बाहेर. मी टायरचं ऐकलं, कारण रस्त्यावर तोच घासतो. दोन्ही चाकं मिळून टो ३ मिमी बाहेर असेल, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवं घासत जातं. त्या हिशोबाने कुठलाही भारी टायर आणा, त्याची आतली कड लवकरच गोटा होणार.

आमच्या मिस्त्रींनी मशीन बाजूला ठेवलं आणि टॉमी (लोखंडी पहार) घेतली. लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी खालची भुजा; तिच्या मागच्या बुशजवळ (सांध्यातलं रबर) टॉमी अडकवून हलका जोर दिला, तर आर्म सरळ मागेपुढे! बुशचं रबर आतल्या धातूच्या नळीपासून अर्ध्या परिघात सुटलेलं. वरून बघताना काही दिसत नव्हतं, कारण चीर आर्मच्या सावलीत होती. गाडी अलाइनमेंटच्या रॅकवर उभी असते तेव्हा आर्म जागेवर बसलेला असतो आणि टो बरोबर येतो. ब्रेक दाबला की तोच आर्म मागे सरकतो आणि टो हलतो. अलाइनमेंट मशीन उभ्या गाडीचं मोजतं, माझे टायर चालत्या गाडीत झिजतात. जोरात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग जे हलकंसं डावीकडे ओढायचं, त्याचाही उलगडा झाला. हे कोडं सुटल्याचा आनंद नव्या टायरपेक्षा मोठा आहे, खरंच सांगतो.

दोन्ही लोअर आर्म बदलले. नुसतं बुश प्रेस करूनही भागलं असतं, पण आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंटही (गोल सांधे) म्हातारे झाले होते. रांजणगावात बनलेली गाडी, आणि आता कंपनीच्या शोरूमचा आधार नाही, तरी फियाटच्या पुंटो-लिनियाचे पार्ट पुण्यात अजून मिळतात. नवा आर्म घेताना पॅकेट उघडून बुशचं रबर नखाने दाबून बघा. नख सहज रुतलं तर तो आर्म परत करा. नंतर पुढचा टो जवळजवळ शून्यावर आणला. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई), तिथे फिरवायला काही नाही, फक्त आकडे लिहून ठेवले. आता रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी सुतासारखी सरळ थांबते. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता पुन्हा हातात येतोय.

आणि इथे माझा प्लॅन बदलला. २०५/५० मी कशासाठी घेत होतो? १४५ बीएचपी आणि २१२ न्यूटन-मीटर पुढच्या दोनच चाकांवर, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, पावसात दुसऱ्या गिअरला टर्बो जागा झाला की वळणाच्या आतलं चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून १० मिमी जास्त रुंदी. पण व्यास ६२१वरून ६११ मिमीवर येतो. गाडी ५ मिमी खाली बसते, आणि १५५च्या ग्राउंड क्लिअरन्सवर आपल्या स्पीडब्रेकरला ते ५ मिमी महाग आहेत. शिवाय चाक लहान झालं की इंजिनचा रस्त्यावर पडणारा जोर दीड टक्क्याने वाढतो, म्हणजे रुंदीने कमावलेलं थोडं तिथेच खर्च. त्यातच आता असं वाटतंय की चाक फिरण्यात सैल आर्मचाही हात होता. बुश बदलल्यावर ओल्या पार्किंगच्या चढावर गाडी पूर्वीपेक्षा शांतपणे निघते. घाटात बघितल्याशिवाय पैज लावणार नाही, पण दिशा बरोबर आहे.

मग १७ इंची रिम आणि २१५/४५? व्यास ६२५, हिशोबात चपखल बसतं. पण साइडवॉल १०७ मिमीवरून ९७वर, आणि ताम्हिणीच्या पावसाळी खड्ड्यांत मला ते १० मिमी रबर हवंय. नको.

तर पुन्हा कंपनीच्या मापावर, १९५/५५ आर१६. या मापात ताजा माल मिळतो, कारण तो खपतो. शेवटी दोनच नावं उरली आहेत. मिशलिन प्रायमसी ४: शांत, आरामदायी, लांबच्या प्रवासाला उत्तम. आणि कॉन्टिनेंटलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, जो मेरठजवळ मोदीपुरममध्ये बनतो. यूसी६वर मित्राची गाडी वरंध घाटातून आणली आहे. वळणात स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, मधे विचार करत नाही. मला या गाडीत हेच हवंय, आवाज थोडा जास्त चालेल. नायट्रोजन भरणार नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, त्यापेक्षा दर पंधरवड्याला थंड टायरवर स्वतःच्या गेजने प्रेशर बघणं हजार पटीने कामाचं.

हे लिहीत असतानाच दुसऱ्या दुकानातून फोटो आला. यूसी६, चारही एकाच आठवड्याचे, कोड स्पष्ट. अॅडव्हान्स पाठवतोय.

अजून एक डोक्यात आलंय. टायर बसवल्यावर लगेच अलाइनमेंट करतोच, पण या वेळी आकडे घेतल्यावर मिस्त्रींना चाक मागे रेटून धरायला सांगणार आणि तेव्हाचाही टो वाचणार. ब्रेकखाली टो किती हलतो त्याचा कच्चा अंदाज तरी मिळेल. नव्या बुशवर तो आकडा आत्ताच लिहून ठेवला, तर पुढच्या वर्षी तुलनेला काहीतरी हातात असेल. ज्यांच्याकडे पुंटो किंवा लिनिया आहे, त्यांनीही आपापल्या गाडीचा घ्या आणि इथे टाका. टायर नवे असोत की जुने, आतल्या कडेवरून एकदा तळहात फिरवा.