चंदनाची रोपं, हिरवी जाळी आणि रात्रीची बॅटरी

सोलापुरात रोपवाटिका करायची म्हणजे आधी सावली, असं माझं पक्कं गणित होतं. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसला टेकतो, तिथे बोटभर चंदनाचं रोप कसं तगणार? म्हणून बियाण्याआधी मी पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट आणली. महिना होता नोव्हेंबर. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

पावकिलो बी रात्रभर जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात भिजवलं, लिटरला अर्धा ग्रॅम. चंदनाचं बी मूळचं सुस्त, असं भिजवलं की लवकर आणि एकसारखं उगवतं. वाळूच्या वाफ्यात टाकलं आणि महिन्याभराने माना वर आल्या. जानेवारीत गड्ड्याची जत्रा सुरू होईपर्यंत चार-सहा पानांची सहाशे रोपं पिशव्यांत लावून झाली. प्रत्येक पिशवीत तुरीचे दोन दाणे टोचले. चंदन अर्धपरजीवी. त्याची मुळं शेजाऱ्याच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार ओढतात, एकट्याने ते फार काळ नीट वाढत नाही. आमच्याकडे तुरीला काय तोटा!

आठवड्याभरात सकाळी पाहतो तर दहा-बारा रोपं जमिनीलगत आडवी. दुसऱ्या दिवशी वीस. मला वाटलं, उन्हाने माना टाकल्या. जाळीची बाजूही खाली सोडली आणि संध्याकाळी झारीने जास्त पाणी घातलं. म्हणजे रोग्याला रोगच पाजला. रोपं आता पिवळट, लांबोळकी, दोऱ्यासारखी झाली होती. उजेडाच्या फटीकडे सगळी एका बाजूला झुकलेली.

मामा आले. आयुष्यभर हरभरा पिकवलेला माणूस. एक आडवं रोप उचलून बुंध्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “का बे, ऊन असं दातानं कापतंय व्हय?”

खरंच, वाळलेलं काहीच नव्हतं. ताजा, तिरका काप. मामांनी पिशवीतली माती बोटाने उकरली आणि मातकट काळी, गुबगुबीत अळी बाहेर काढली. हात लागताच तिने वेटोळं केलं. कुरतडणारी अळी. दिवसा मातीत दडते, रात्री वर येऊन बुंधा कापते. शेजारी हरभरा होताच, पिशव्यांच्या मधे तण होतं आणि दाट जाळीखाली संध्याकाळच्या पाण्याने माती रात्रभर ओली-गार राहत होती. तिची मी राजेशाही सोय केली होती! पुढे शोधताना कळलं, हीच अळी हिमालयातल्या देवदाराच्या रोपवाटिकांतही असाच धुमाकूळ घालते. देवदाराच्या रोपाला लहानपणी सावली मानवते, त्याच डोंगरातल्या चीड पाइनला मात्र ऊन हवं. झाड ओळखल्याशिवाय जाळी घ्यायची नसते, हे मला उलट्या बाजूने कळलं.

मग पंधरा रात्री मी बॅटरी आणि डबा घेऊन बसलो. जेवण झालं की पिशव्यांमधून फिरायचं, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मामांची एक युक्ती फार उपयोगी पडली: संध्याकाळी ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवायचे आणि पहाटे ऊन यायच्या आत ते उलटायचे. अळ्या खाली आयत्या गोळा झालेल्या असतात. तण उपटलं, पाणी सकाळी देऊ लागलो. कापणं बरंचसं थांबलं, पण तोवर दीडशे रोपं गेली होती. काही ओल्या मातीतल्या बुरशीने, मर लागून गेली, तो दोष अळीचा नाही, माझ्या झारीचा.

जाळी बदलून पन्नास टक्क्यांची घातली. आधी फक्त दुपारी, मग मार्चपासून मे अखेरपर्यंत दिवसभर. मधेच तूर बोकाळली आणि तिचीच सावली चंदनावर पडायला लागली. दर पंधरवड्याला कात्रीने तिचे शेंडे छाटावे लागले, नाहीतर सोबतीण सवत व्हायची. जूनचे ढग आल्यावर जाळी हळूहळू काढली. खोडं तपकिरी, टणक झाली.

जुलैत साडेतीनशे रोपं मुरमाड पट्ट्यात लावली, कायमच्या सोबतीला सुरूची आणि करंजाची झाडं. सातबाऱ्यावर नोंदही करून घेतली. रोपांच्या नैर्ऋत्येला तूर पेरली, दुपारच्या उन्हाला आडोसा म्हणून. डिसेंबरात वहिनींनी शेंगा भरल्या म्हणून ती सगळी कापून नेली. मी दोन दिवस कुरकुरलो, पण आमटी मात्र तीन वाट्या प्यालो.