मराठी छान बोलतेस हां तू!

दुपारी कॅन्टीनमध्ये एक मुलगा वर्गातल्या मुलीला हे म्हणाला, अगदी मनापासून, कौतुकानं. मुलगी दापोलीकडची, कोकणी मुसलमान. ती वडापाव मोडता मोडता थांबली आणि शांतपणे म्हणाली, "अरे घरी बाणकोटीच बोलतो आम्ही, आमच्याकडची मराठीच ती, दुसरं काय बोलणार?"

टेबलावर एकदम गप्प. मग त्यानंच विचारलं, म्हणजे कसं बोलता, बोलून दाखव ना. गप्पा निघाल्या त्या सांदणांवर आल्या, त्याच्या आईची फणसाच्या रसातली, हिच्याकडची नारळाच्या दुधातली, आणि सगळे लेक्चर विसरले.

मला मात्र ते कौतुकच टोचत राहिलंय. शेजारच्या गावातली मुलगी परकी वाटते, कारण एका वर्गात असूनही प्रॅक्टिकलचा ग्रुप, डबा, एसटीतली सीट सगळं आपापल्यांतच.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2012 चे नियम आहेत, कॉलेजात समान संधी कक्ष हवा, भेदभावाच्या तक्रारीसाठी अधिकारी हवा. हवाच. पण ही मुलगी तक्रार कसली करणार, कौतुकाची?

निदान प्रॅक्टिकलचे पार्टनर दर महिन्याला बदलूया की. तुमच्या कॉलेजात कोणी केलंय का असं?